भिंतीतला पलंग

१

आमच्या घरात सकाळी सात वाजता पलंग भिंतीत जातो. तो गेल्याशिवाय टेबल बाहेर येत नाही आणि टेबल आल्याशिवाय चहाचे कप ठेवायला जागा होत नाही. पलंग उभा करून भिंतीतल्या कपाटात लोटला की त्याचं पोट दर्शनी येतं आणि त्या पोटातून एक फळी आडवी उघडते. तेच टेबल. टेबलाशी ठेवलेल्या दोन स्टुलांच्या आत तांदूळ आणि डाळी. कोचाच्या हातात चपला. आरशामागे इस्त्रीची फळी. या घरात कुठलीही वस्तू एकच काम करून सुटत नाही. आयुष्यभर सरकारी नोकरी केलेल्या माणसाला हे जरा टोचतंच.

सदाशिव पेठेतली आमची सोसायटी पाडून नवी बांधायला घेतली, तेव्हा तीन वर्षांसाठी विश्रांतवाडीत ही तिसऱ्या मजल्यावरची एक खोली भाड्याने घेतली. खोली, न्हाणीघर आणि पलंगावरून हात लांब केला की लागेल असा ओटा. आमची मुलगी अस्मिता बाणेरला राहते. जागा तिनेच शोधली. फर्निचर नवंकोरं होतं. पॉलिशचा वासही गेला नव्हता.

"बाबा, इथे सगळं स्मार्ट आहे," ती म्हणाली.

"मग आमची काय गरज?"

हेमाने, म्हणजे माझ्या बायकोने, लेकीला डोळ्यांनीच सांगितलं की लक्ष देऊ नकोस. बेचाळीस वर्षांच्या संसारात हा इशारा तिने फार विकसित केला आहे.

अडचण एकच होती, माझी दुपारची झोप. मी पाटबंधारे खात्यात कारकून होतो. खडकवासल्याच्या पाण्याबद्दलची पत्रं तेहतीस वर्षं हाताळली, पाणी कधी पाहिलं नाही. निवृत्त झाल्यापासून जेवून एक ते चार झोपतो. या वेळात कोणी वारलं तरी मला चारनंतर कळवावं अशी घरात रीत आहे. पण फर्निचर बनवणाऱ्यांनी पलंग फक्त रात्री लागतो असं धरलेलं. तेव्हा एकला टेबल मिटायचं, पलंग पाडायचा, चारला पुन्हा उभा करायचा.

"आपण खोली घेतली की सर्कस?" हेमा म्हणाली.

पण तिला ठाऊक होतं की मी झोप सोडणार नाही.

२

दुसऱ्या आठवड्यात एकदा एकला पलंग पाडला, आडवा झालो आणि लगेच उठून बसलो. गादी उबदार होती.

सकाळी सातला मिटलेला पलंग. मधे सहा तास. थर्मासमध्येसुद्धा चहा इतका वेळ टिकत नाही. मी कारण शोधलं. उन्हाने भिंत तापली असेल. पण पलंगामागच्या भिंतीपलीकडे जिना आहे, तिथे ऊन पोचत नाही. मी जाऊन भिंतीला हात लावून पाहिला. गार होती. शिवाय उन्हाने तापलेली गादी सगळीकडून तापते. ही फक्त हेमाच्या बाजूला तापली होती, उशीपासून खालपर्यंत, माणसाच्या लांबीरुंदीएवढी. माझी बाजू नियमाप्रमाणे थंड.

"अगं, इथे हात लाव," मी म्हणालो.

तिने लावला. "मग? थंडीत बरंच आहे," म्हणाली आणि कोचावर बसून बोलायला लागली.

हेही नवीनच होतं. जिने बेचाळीस वर्षं माझी दुपारची झोप राखली, फोनवर उशी ठेवून राखली, ती या घरात बरोबर एकला गप्पांना बसू लागली. भाजीवाला काय म्हणाला, तिची मैत्रीण चंद्रभागा तिसऱ्यांदा काशीला कशी निघाली. डोळे लख्ख. चारला मी कंटाळून उठायचो, पलंग उभा करायचो. मी कपाटाची कडी लावतो न लावतो तोच तिचं वाक्य अर्धं राहायचं आणि हनुवटी छातीवर टेकायची.

सकाळीही तेच. पाचला उठून नऊपर्यंत सगळ्या घराची झाडलोट करणारी, आणि माझीही, ही बाई आता सातचा चहा घेऊन कोचावर बसली की बसल्याजागी झोपायची. वरणभात मी लावू लागलो. जेवायला हलवून उठवली तर दोन घास घ्यायची, तिसरा हातातच राहायचा.

आणि रात्री पलंग पाडलेला असताना तिला झोप म्हणून नव्हती. छताकडे बघत पडायची.

वयाप्रमाणे झोपेचं वेळापत्रक बदलतं, असं मी वाचलं होतं. ते मी तिलाही वाचून दाखवलं. सकाळी दाखवलं, त्यामुळे तिने ऐकलं नाही.

३

पलंग खाली असताना मागे भिंतीत जी कोनाड्यासारखी जागा उरते, ती पांढऱ्या रंगाने रंगवलेली आहे. एका दुपारी पाठीवर पडून मी ती पाहत होतो. उशीपासून पाचेक फूट वर, हेमाच्या बाजूला, रंगावर बारीक ओरखडे दिसले. नखाएवढ्या कोरी, दोन-दोन शेजारी.

मी चष्मा लावून पलंगावर उभा राहिलो.

असे ओरखडे मला परके नाहीत. आमच्या पेठेतल्या जुन्या सागवानी पलंगाच्या पायथ्याच्या फळीवर ते होते. हेमा झोपेत पाय ताणते आणि तिच्या बोटांतली जोडवी लाकडाला घासतात. पण तिथे ते पायाशी होते, जिथे पाय असतात. इथे ते माझ्या कपाळासमोर होते.

सुतारांनी शिडी टेकवली असेल. हे मला पटलं, कारण ते मला पटायला हवं होतं. तरी सवय जात नाही. मी पेन्सिलीने प्रत्येक ओरखड्याला गोल केला, खाली तारीख घातली आणि सही केली.

दुसऱ्या दिवशी दुपारी गोलांच्या बाहेर चार नवे होते.

मग चारला पलंग उभा केल्यावर मी कोचावर बसून, झोपलेल्या हेमाच्या शेजारी, शांतपणे विचार केला. पलंग मिटतो तेव्हा त्याची उशाची बाजू खाली राहते आणि पायाची वर जाते. गादी भिंतीकडे तोंड करते. म्हणजे आत कोणी पाठीवर निजलेलं असलं तर ते डोकं खाली, पाय वर असं असेल. नाक भिंतीला लागलेलं. आणि पायाची बोटं भिंतीला बरोबर त्या उंचीवर टेकतील.

आत कोणी नव्हतं. पलंग मी स्वतः मिटला होता. आणि जिची जोडवी होती ती माझ्या शेजारी घोरत होती.

मी तिच्या पायांकडे पाहिलं. जोडव्यांच्या कडेला पांढरा रंग लागला होता.

४

डॉक्टर पद्मजाबाईंनी सगळ्या तपासण्या केल्या. रक्त चांगलं, साखर चांगली, थायरॉइड चांगलं.

"काय होतं नक्की, हेमाताई?"

"दुखत काहीच नाही हो. सकाळभर दाबून ठेवल्यासारखं वाटतं. आणि डोक्यात रक्त उतरल्यासारखं."

"रात्री?"

"रात्री मोकळं वाटतं."

"महिन्यात सहा किलो कमी झालंय वजन. आपण लक्ष ठेवू," डॉक्टर म्हणाल्या. लक्ष म्हणजे आणखी तपासण्या.

याच सुमारास पलंग मला उचलेनासा झाला. आधी तो एका हाताने जायचा. आता खांदा लावावा लागे. मालकाला कळवलं. त्याने सुदर्शन नावाच्या फिटरला पाठवलं. चाळिशीचा, कमी बोलणारा माणूस. त्याने पलंग दोनदा वर-खाली केला.

"काका, आत काय ठेवलंय?"

"तुम्हीच बघा. आमच्या घरात काही ठेवायला जागा आहे असं वाटतं का तुम्हाला?"

त्याने गादी काढली, फळ्या काढल्या, हात घालून पाहिलं, सगळं पुन्हा बसवलं. "बाजूला हे पलंग उचलणारे पिस्टन असतात ना, ते गादीच्या वजनावर बसवलेले असतात. बरोबर तोललेलं असतं. हा पलंग पाच-सहा किलो जास्त दाखवतोय."

"किती?"

"सहा धरा."

मी कारकून. आकडे जुळले की मला आयुष्यभर बरं वाटत आलं. या वेळी वाटलं नाही.

इथे मी चूक केली, आणि ती मीच करू शकलो असतो. तक्रार दिली आहे, माणूस आला आहे, तर काहीतरी कारवाई झालीच पाहिजे, असं माझ्यातल्या खात्याला वाटलं. "मग जास्त ताकदीचे पिस्टन बसवा," मी म्हणालो.

"बसवतो. पण मग तो आपोआप वर जाणार. तुम्ही वर बसलेले असाल तोवर खाली राहील. उठलात की मिटणार."

"तेवढंच काम वाचलं," मी म्हणालो.

हेमा त्या वेळी कोचावर बसली होती. दुपार होती, पलंग पाडलेला, म्हणजे ती जागी होती. ती म्हणाली, "नको हो. राहू द्या ना तो उघडाच." आणि स्वतःच ओशाळून हसली, कारण तसं का वाटलं ते तिला सांगता येईना.

मी पिस्टन बसवून घेतले.

५

त्या रविवारी अस्मिता आली. आईकडे पाहून तिने माझ्याशी भांडायचंही सोडून दिलं.

"मी आईला घेऊन जातेय. तूही चल."

"दोन दिवसांनी येतो."

"इथे काय करणारेस एकटा?"

"झोपेन," मी म्हणालो. खरं म्हणजे मला पाहायचं होतं की हेमा घरात नसताना गादी गरम होते का. माझी पैज थंड गादीवर होती. म्हणजे मग सगळं माझ्या डोक्यातलंच ठरलं असतं आणि ते फार स्वस्तात सुटलं असतं.

सोमवारी सकाळी सातला मी पलंगावरून उठलो. तो माझ्या पाठीमागे हळूच वर गेला आणि कपाटात बसला. साडेआठला फोन.

"बाबा, आई उठत नाहीये." अस्मिता होती. "सहाला उठली होती, माझ्याशी बोलली, चहा मागितला. कप तोंडाला लावला आणि सातला अशी बसल्या बसल्या... श्वास चालू आहे पण डोळेच उघडत नाहीत. डॉक्टर निघालेत."

मी मिटलेल्या पलंगासमोर उभा होतो. टेबलाच्या फळीवर माझा हात होता. फळी स्थिर होती. तिच्यामागे मात्र काहीतरी अगदी सावकाश फुगत होतं आणि बसत होतं. झोपलेल्या माणसाच्या पाठीवर हात ठेवला की लागतं तसं. मग आतून, माझ्या डोक्याच्या वरच्या बाजूने, धातू भिंतीवरून ओढल्याचा बारीक आवाज आला. एकदा. थोड्या वेळाने पुन्हा.

मी कडीला लोंबकळलो. नवे पिस्टन मला दाद देईनात. अंगाचा सगळा भार टाकला तेव्हा पलंग खाली आला आणि मी त्याच्यावर पडलो.

फोन अजून चालू होता. "बाबा! बाबा, उठली! अरे, विचारतेय चहा गार कसा झाला!"

योगायोग एकदा होतो. मी मन घट्ट केलं आणि उठून उभा राहिलो. पलंग वर गेला.

"आई? आई!" फोनमध्ये कप फुटला.

मी पुन्हा लोंबकळलो.

६

तेव्हापासून मी पलंगावर आहे.

माझ्याऐवजी दुसरं वजन ठेवून पाहिलं. पलंगावरून पाय न काढता दोन्ही स्टुलं ओढली, तांदूळ-डाळीच्या पिशव्या काढल्या, पुस्तकांचे गठ्ठे रचले आणि अंग हळूहळू उचललं. पलंग चार बोटं वर आला, आणि फोनवर हेमा "मी म्हटलं तिला" इथे थांबली. मी बसलो. "की साखर कमी घाल," तिने वाक्य पुरं केलं. आपण थांबलो होतो हे तिला कळलंही नाही.

सुदर्शनला फोन केला. तो नगरला एका कामावर होता. "गुरुवारी येतो काका. पिस्टन काढू, की अख्खा पलंगच काढू? दोन तासांचं काम आहे."

पलंग काढला तर काय काय निघून जाईल हे मला माहीत नव्हतं. "आधी या," मी म्हणालो. "आल्यावर सांगतो."

बाणेरला हेमा मजेत होती. थालीपीठ खाल्लं, नातवंडांना अभ्यासाला बसवलं, शेजारणीच्या तुळशीची निगा चुकते ते शेजारणीला सांगून आली. झोप तेवढी लागत नाही म्हणाली, पण थकवा नाही. डॉक्टरांनी सोमवारच्या प्रकाराला रक्तदाब असं नाव दिलं आणि गोळी दिली. सगळ्यांना हायसं वाटलं. नाव मिळालं की माणसं निर्धास्त होतात.

न्हाणीघर मात्र कुणाला चुकत नाही.

"अगं, तू बसलीयेस का?" मी फोनवर विचारायचो.

"उभी आहे. का?"

"मग बस. खुर्चीत नीट बस. हातात काही गरम नाही ना? आता पाच मिनिटं उठू नकोस."

"का पण?"

"मी अंघोळीला चाललोय."

"तुमच्या अंघोळीला मी का बसायचं? वेड लागलंय का तुम्हाला?"

पण ती बसायची. मी पाण्याचा एक तांब्या अंगावर घेऊन धावत यायचो, कडीला लोंबकळायचो. दर वेळी पलंग खाली आणताना तो आधीपेक्षा जड लागे, खाली पडताना जास्त आवाज करी. आणि दर वेळी फोनवरचा हेमाचा आवाज थोडा पातळ झालेला असे, चांगल्या रेडिओचं बटण कोणीतरी केसभर फिरवावं तसा. मंगळवारी दुपारनंतर मी जाणं बंद केलं. बादली पलंगाशेजारी ओढली. त्याबद्दल अधिक लिहीत नाही.

मी कडेला बसून असे, पाय जमिनीवर, पाठ हेमाच्या बाजूकडे. दुपारी झोपायची हिंमत झाली नाही. कारण मंगळवारी एकच्या सुमाराला, मी मागे न कलंडता, गादी मागे खचली. माझ्या पाठीमागे खळगा पडला. त्यातून ऊब येत होती. थोड्या वेळाने तो खळगा कुशीवर वळला.

मी मागे पाहिलं नाही. पाहून करणार काय, हा एक प्रश्न. आणि दिसलं ते ओळखीचं निघालं तर, हा दुसरा.

७

बुधवारी सकाळी दहा वाजता दारात किल्ली फिरली आणि हेमा आत आली.

एकटीच. रिक्षाने आली होती. खोलीत खिडकीतून स्वच्छ ऊन होतं. चेहरा इतका टवटवीत मी बऱ्याच वर्षांत पाहिला नव्हता. तीन जिने चढून आली होती आणि धाप लागली नव्हती.

"म्हटलं, हे काही यायचे नाहीत. आपणच जावं," ती म्हणाली. "अहो, हा काय अवतार! दाढी नाही, अंघोळ नाही. आणि ही बादली इथे कशाला? शी!"

"अस्मिताला सांगून आलीस?"

"चिठ्ठी ठेवलीये. तुम्ही फोनवर असलं काहीतरी बोलायला लागलात, मला काळजी वाटायला लागली."

तिने डब्याची पिशवी ओट्यावर ठेवली. डबा वाजला, पिशवी बसली. तोवर सगळं ठीक होतं. मग ती आली आणि माझ्या शेजारी पलंगाच्या कडेला बसली.

चादरीला सुरकुती पडली नाही. मी खाली पाहत होतो, म्हणून सांगतो. तिची साडी चादरीला टेकली होती, आणि चादर कोणी न बसल्यासारखी ताठ होती. गादी तसूभर दबली नाही. हलला तो फक्त माझ्या मागचा खळगा. तो जरासा पलीकडे सरकला, गर्दीत आलेल्या माणसाला कोणी जागा करून द्यावी तसा.

"किती दिवस बसून आहात असे?" हेमाने विचारलं. आवाज जवळून येत होता तरी फोनवर होता तेवढाच पातळ. "उठा आता. अंघोळ करा. मी बसते ना इथे."

तिने माझ्या खांद्यावर हात ठेवला. ठेवलेला मी पाहिला. हिरव्या बांगड्या, मनगटावरचा तीळ, चिमटीला हळद. खांद्याला काहीच लागलं नाही.

त्याच वेळी मागून माझ्या कमरेभोवती दुसरा हात आला. सावकाश, झोपेत येतो तसा, आणि नेहमीच्या जागी विसावला. गरम होता, भरलेला होता, चांगला जड होता. बेचाळीस वर्षांचं ते वजन मी झोपेतसुद्धा ओळखेन.

एक हात दिसत होता आणि लागत नव्हता. दुसरा लागत होता. तो मी पाहिला नाही.

"उठताय ना?" हेमा म्हणाली. ती माझ्याकडे पाहून हसत होती, आणि उन्हात तिच्या हसण्यापलीकडचा ओटा मला थोडाथोडा दिसू लागला होता.

मी दोन्ही पाय जमिनीवर घट्ट रोवले. उठलो नाही.